डोंगर नसलेला देखावा

नातीने तेलखडूंची पेटी उघडली आणि त्या मेणचट वासासरशी मी चौथीच्या वर्गात जाऊन बसले. बाईंनी 'देखावा' काढायला सांगितला होता. सगळ्यांनी दोन डोंगर आणि मधे सूर्य काढला. मी घरामागचा सपाट माळ, एक बाभळ आणि शेळ्या काढल्या.

"डोंगर कुठंयत?" बाईंनी विचारलं.

"आपल्या सोलापुरात डोंगर न्हाईत की, बाई."

बाई रागावल्या नाहीत. माझाच तपकिरी खडू घेऊन त्यांनी शेळ्यांवर दोन डोंगर काढले. तेव्हा मला चित्र सुधारल्यासारखं वाटलं. त्यानंतर मी बाहेर बघून चित्र काढलंच नाही.

नातीनेही आता दोन डोंगर काढलेत.

"कुठं बघितलेस गं?"

"बघायचे कशाला, आजी? देखाव्यात असतातच की."