हद्दीच्या आत

घर घेताना काय तपासावं, हे मला कोणी शिकवू नये. शाळा माझी चौथीला सुटली, पण जमीन मला कळते. म्हसळ्याकडच्या आमच्या गावात शेजाऱ्याने वर्षानुवर्षं आमचा बांध कोरला आणि शेवटी बापाच्या हातून भाताचं एक खाचर गेलं. तेव्हापासून कुठल्याही जागेत शिरलो की मी आधी कडा बघतो. आमच्याकडची माणसं सगळी अशीच. हद्दीचा दगड कुठे आहे ते सांगा, बाकीचं मग.

म्हणून नागावजवळच्या नारळीच्या वाडीतलं ते घर घ्यायचं ठरलं, तेव्हा मी सांगितलं, सरकारी मोजणी झाल्याशिवाय पुढे बोलायचं नाही. मुलगा पनवेलला असतो. त्याचं म्हणणं, मोजणी कराच, पण घर तपासायला इंजिनिअरही आणा. मोजणी जमिनीची असते, घराची नसते. मी त्याला सुनावलं की चिऱ्याची भिंत मी काठीने ठोकून सांगतो. तो फोनवर हसला. मला ते आवडलं नाही. इंजिनिअर आणायचा नाही, हे तिथेच ठरलं.

घर हवं होतं ते आमच्या हिच्यासाठी. हिचे गुडघे गेलेले, गावच्या घराला चढ. अलिबागचा डॉक्टर जवळ पडावा आणि हिला सुखाने पडून राहता यावं, एवढंच. हिने आत शिरल्याबरोबर मागची खोली पसंत केली. ऐन वैशाखात तिथली फरशी गार लागत होती. "माझी खाट इथंच टाका," म्हणाली.

घर विकणाऱ्या वहिनी एकट्याच राहायच्या. त्या खोलीत सामान असं काहीच नव्हतं. एका कोपऱ्यात मात्र फरशीवर हळदकुंकू वाहिलेलं होतं, ताजं. देव नाही, तसबीर नाही, नुसती फरशी. विचारलं तर म्हणाल्या, सासूबाई वाहायच्या म्हणून मी वाहते.

मोजणीदार आला तो नेमका अमावास्येला, दुपारी. उधाणाची भरती चढत होती आणि वाडीत झावळीसुद्धा हलत नव्हती. त्याने तीन पायांच्या तिकाटण्यावर यंत्र लावलं, पाचोळा बाजूला केला, आणि चारही दगड जिथल्या तिथे सापडले. बोटभरही सरकलेले नाहीत. मी मिशीवर हात फिरवला. मुलाला फोन लावणार, तेवढ्यात आतून हिची हाक आली.

"अहो, हा रहाट कोण चालवतंय?"

वाडीला नळाचं पाणी. रहाट नाही, विहीर नाही. मी आत गेलो. ही त्या गार फरशीवर तळवा टेकून बसली होती. मीही टेकला. खालून ठोका आला. मग काही नाही. मग लाकूड कुरकुरावं तसं, ओढ घेत घेत, आणि पुन्हा ठोका. ओझं वर यावं आणि पुन्हा खाली सोडावं, तसं चाललं होतं. माझ्या हातावर काटा आला तो मी बाहीखाली झाकला.

मोजणीदाराला खिडकीशी बोलावलं. त्याने कान दिला, रुमालाने तोंड पुसलं.

"बाबा, मी कडा मोजतो," म्हणाला. "पोटात काय हाय ते माझ्या नकाशात येत न्हाय."

चहा टाकलेला होता, तो न घेता गेला.

वहिनी दारात उभ्या होत्या. भरती उतरली की थांबतं, म्हणाल्या, जणू मांजराबद्दल सांगताहेत. मी विचारलं, या खोलीत निजायचं कोण?

"कुणीच न्हाय, भाऊ," त्या म्हणाल्या. "म्हणून तर घर उभं हाय."

त्या संध्याकाळी मी मुलाला इंजिनिअर पाठवायला सांगितलं. या खेपेला तो हसला नाही.

इंजिनिअर म्हणून एक पोरगी आली. छपरावर चढली, वासे टोचून पाहिले, भिंतींची ओल बघितली. मागच्या खोलीत लहान हातोडीने फरशी ठोकत गेली. हळदकुंकवाच्या कोपऱ्याशी आवाज बदलला. वहिनींना विचारून लाद्या उचलल्या. खाली चिऱ्याचं बांधीव तोंड, त्यावर आडवा दगड, दगडाला या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा. तड्यातून गार वाफ वर आली आणि खाली पाणी चमकलं.

वहिनींनी तेव्हा सांगितलं, घर वाढवताना विहीर मधे आली होती. विहिरीत आसरा असतात, पाण्यातल्या बायका. त्यांच्यावर माती लोटायची नाही, असा त्या घरचा रिवाज. म्हणून बुजवली नाही, नुसती झाकली आणि वर खोली बांधली. पोरीने समजावलं की भरतीबरोबर विहिरीचं पाणी चढतं, वारा कोंडतो आणि दगड डुलतो.

"काका, खाट कुठे टाकणार होतात?" तिने विचारलं.

मी काठी टेकवून दाखवलं. तिने माझी काठी दगडावरून बाजूला सारली.

मुलगा म्हणाला, सोडा हे घर. मला हद्द पसंत होती, बाकीचं घर पोरीने ठणठणीत सांगितलं होतं, पण निजायचं होतं हिला. मी हिच्याकडे बघितलं.

"तिला उघडी करा," ही म्हणाली. "मग मी राहीन."

घर घेतलं. मागची खोली उतरवली, दगड फोडून काढला, विहिरीला कठडा बांधून वर जाळी टाकली. आता ती आभाळाखाली आहे. हिची खाट ओटीलगतच्या खोलीत, पक्क्या जमिनीवर.

दगड गेला, म्हणजे आवाजही जायला हवा होता.

अमावास्येच्या दुपारी वाडीतला वारा पडतो, तेव्हा मी काठी घेऊन मागे जातो. आधी चारही दगड बघून घेतो, ती सवय आहे. मग कठड्याशी उभा राहतो. पाणी वर आलेलं असतं, काळं, हललेलंही नसतं. दोर नाही, चाक नाही, लाकडाचा तुकडा नाही. तरी कुरकुर येते, ओढ घेत घेत.

आतून ही खाटेवरून विचारते, "पाणी भरून झालं का तिचं?"

मी सांगतो, "अजून न्हाय."