मावशीची जमीन, काकांचं छत

मी नागपुरात भूगोल शिकवतो आणि भुताखेतांच्या गोष्टी रंगवून सांगणाऱ्यांचा मला मनस्वी राग येतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण माझ्या सख्ख्या मावशीचं, इंदूबाईचं, जे सांगणार आहे ते मला स्वतःलाच पटलेलं नाही.

मावशीचं सारं आयुष्य सावनेरकडच्या एका गावात गेलं. गावाखाली कोळशाची खाण. तिचे यजमान गिरिधरकाका त्या खाणीत ड्रेसर होते. सुरुंग उडाल्यावर सगळ्यांत आधी आत जायचं, लोखंडी सळईनं छत ठोकून पाहायचं आणि सैल दगड पाडून टाकायचे, हे ड्रेसरचं काम. एक दिवस ते छतच काकांवर आलं. आतून ठोकल्याचा आवाज संध्याकाळपर्यंत येत होता, असं बाहेर आलेल्यांनी सांगितलं. पण आत वायू भरला होता, कोणाला जाता येईना. शेवटी भिंत घालून तो भाग कायमचा बंद केला.

मावशी तेव्हा ऐन तिशीत. ती रडली कमी, भांडली जास्त. "काढता नाही आलं तं नका काढू. पण इकडून उलटून ठोकलं काहून नाही कोणी? त्यायले वाटलं असन, वर कोणी ऐकूनच नाही राहिलं."

हे शल्य तिनं जन्मभर बाळगलं. बाकी बाई झणझणीत, सरपंचाचीही भीड न ठेवणारी. पण लग्नकार्याला गेली तरी मुक्काम करायची नाही, दिवस बुडायच्या आत त्या घरात परत.

खाण पुढे बंद पडली. त्यानंतर एकदा दुपारी मी तिच्याकडे जेवत होतो. जमिनीत काहीतरी घुमलं आणि मांडणीवरची भांडी थरथरली. ओसरीवर शेजारीण शेंगा सोलत होती. ती मान वर न करता म्हणाली, "ब्लास्टिंग हाये गा." सबंध गावाला सुरुंगांची इतकी सवय, की कोणी जागचं हललं नाही.

मी म्हटलं, "पण खाण तं बंद हाये ना?"

शेजारणीचे हात थांबले. मावशी मात्र जमिनीवर तळवा टेकवून बसली होती. "माहीत हाये मले," ती म्हणाली.

भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा गेला होता. घर केव्हाही बसलं असतं. नागपूरला चल म्हणून मी हात जोडले, ती ऐकेना. तेव्हा मी माझं शास्त्र काढलं. पृथ्वीचं कवच एकसंध नाही, त्याचे अवाढव्य तुकडे आहेत आणि खालच्या तापलेल्या खडकावर ते सरकतात. आपला तुकडा वर्षाला तीनेक बोटं उत्तरेकडे सरकतो, हिमालयाला रेटतो. तो ताण इथवर पोचतो. सातपुड्याखाली फार जुन्या काळी दोन भूखंड जुळले, तो सांधा अजून मधूनच कुरकुरतो. त्यात तुमचं गाव खालून पोखरलेलं. म्हणून हे हादरे, दुसरं काही नाही.

मावशीनं सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे ते बी सरकून राहिले?"

"हो. सावनेर, नागपूर, तू, काका, सगळं सोबतच."

"मी नागपूरले आली तरी मागं नाही पडणार ते?"

"नाही पडणार."

तेवढ्या शब्दावर ती आली. मला माझ्या शिकवण्याचा अभिमानच वाटला.

आमचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर. मावशीनं पलंग नाकारला, ती फरशीवरच झोपायची. एकदा जेवताना माझी मुलगी मुग्धा धडा मोठ्यानं वाचत होती, की आपल्या भारतीय भूपट्टाची पुढची कड हिमालयाच्या खाली शिरते आहे.

मावशीचा घास हातातच राहिला. "खाली? अजून खाली?"

"अवं, लाखो वर्षं लागतात त्याले!" मी खेकसलो. ती ताटावरून उठून गेली.

पुढच्या रविवारी दुपारी पंखा आपोआप झुलायला लागला आणि कपाटाची दारं उघडली. जिन्यात आरडाओरडा सुरू झाला. मुग्धाला पुढे पिटाळून मी मावशीला शोधत स्वयंपाकघरात गेलो. ती फरशीवर बसली होती, हातात खलातला बत्ता.

"मावशी, चाल! बिल्डिंग हालून राहिली!"

"थांब गा. तवा कोणी नाही ठोकलं. अजून खोल जायच्या आधी त्यायले कळू दे."

तिनं फरशीवर दोनदा ठोकलं. तोवर हादरा थांबला होता. मी खिडकीतून पाहिलं, सगळी बिल्डिंग अंगणात जमली होती. आमच्या अगदी खालच्या फ्लॅटमधला जितेंद्रही बायकोपोरांसकट तिथेच होता, दाराची किल्ली त्याच्या हातात.

आणि त्याच्या कुलूपबंद घरातून, आमच्या फरशीच्या खालून, दोनदा आवाज आला.

मावशीला वाटेल तितकी कारणं देता आली असती मला, पण मी खिडकीपासून वळून तिच्याकडे पाहिलं. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. पुन्हा ठोकायला तिनं बत्ता उचलला, पण तो तिला पेलेना. तिनं तो माझ्यापुढे धरला.

"माह्यानं नाही होत. तू ठोक."

मी, भूगोलाचा मास्तर, तिच्याशेजारी गुडघे टेकून बसलो आणि ठोकलं.