शेवटच्या गाण्यातल्या आठ मात्रा

वादकांनी त्याचं नाव ‘दुकान’ ठेवलं होतं. एका हातात फ्लूटची पेटी, दुसऱ्या हातात क्लॅरिनेटची, पाठीवर सॅक्सोफोन. तो जिना उतरू लागला की खालून कुणीतरी ओरडायचं, “सरका रे, दुकान आलं!” तोही हसायचा. पण कुणी कौतुक करू लागलं की तो विषय बदलायचा. लोकांना तो विनय वाटे. तो विनय नव्हता.

त्या नाट्यगृहात तो आला तेव्हा त्याला फक्त फ्लूट यायची. रंगमंचासमोरच्या खोलगट जागेत वादकांच्या नऊ खुर्च्या. त्याच्या डावीकडे क्लॅरिनेटवाले मास्तर बसत. वीस वर्षं त्याच खुर्चीत. कुणाचा सूर घसरला की मास्तर मान न वळवता म्हणत, “कुणाच्या पायाखाली मांजर आलं?” आणि स्वतःचा घसरला तर, “माझ्याच.”

मग मास्तरांचे वरचे पुढचे दात हलू लागले. क्लॅरिनेट वरच्या दातांवर टेकवून वाजवतात. दात काढायचे, कवळी बसवायची, ओठांना नव्याने सवय लावायची, म्हणजे चार महिने जाणार होते. दातांचा डॉक्टर त्यांच्या मुलीने शोधला होता. दात काढण्याआधी मास्तरांनी या फ्लूटवाल्याला घरी बोलावलं.

“फ्लूटवाल्याची बोटं निम्मी शिकलेलीच असतात,” ते म्हणाले. “उरलेलं मी शिकवतो. परका माणूस खुर्चीत बसला की उठत नाही. तू घरचा. सांभाळशील माझी जागा?”

“सांभाळतो की, मास्तर.”

दुखरे दात आवळून मास्तरांनी त्याला तीन महिने शिकवलं. त्याने भराभर उचललं. शिकवण्याच्या नादात मास्तर क्लॅरिनेट घेऊन दवाखान्यात जायचे तेवढे राहिले होते, असं मुलगी चेष्टेने म्हणायची.

तो मास्तरांच्या खुर्चीत बसला. फ्लूटला एक बदली माणूस मिळाला. एके दिवशी तो बदली माणूस आलाच नाही. खेळ तर थांबणार नव्हता. त्याने दोन्ही वाद्यं जवळ ठेवली. क्लॅरिनेट गार पडून त्याचा सूर उतरू नये म्हणून ते काखेत धरलं. अ‍ॅकॉर्डियनवाल्या बाई कुजबुजल्या, “ताप किती आहे रे?”

सगळं निभावलं. अख्ख्या नाटकात फ्लूट आणि क्लॅरिनेट एकत्र फक्त एकदाच वाजत. शेवटच्या गाण्यात, आठ मात्रा.

“एकटाच होतास?” मॅनेजर म्हणाला. “कळलंसुद्धा नाही! शेवटी जरा रिकामं वाटलं, तेवढंच.”

इथे त्याने गप्प बसायला हवं होतं.

“ते जमवता येईल, साहेब,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने त्या आठ मात्रा नव्याने लिहिल्या. फ्लूटची ओळ क्लॅरिनेटला वरच्या सुरांत दिली, क्लॅरिनेटची अ‍ॅकॉर्डियनच्या डाव्या हाताला. भोक दिसेना. लिहिताना त्याला आनंद झाला होता. तो आनंद त्याने स्वतःला कधीच माफ केला नाही.

मास्तर नवे दात घेऊन परतले तेव्हा खाली आठच खुर्च्या होत्या. त्यांनी उभ्यानेच एक ओळ वाजवली. सूर होता तसाच होता, गोल आणि उबदार. मॅनेजर म्हणाला, “मास्तर, आता आराम करा.” कारण सांगितलं नाही.

मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं. “खरं सांग. सूर गेलाय ना?”

“थोडा,” तो म्हणाला.

एवढाच शब्द. मास्तरांनी वाद्य पुसलं, पेटीत ठेवलं आणि ते जिना चढून गेले.

त्यानंतर तो सॅक्सोफोन शिकला. मग घरच्या घरी अ‍ॅकॉर्डियन. का, ते त्यालाही धड सांगता येत नसे. बोटांना काम असलं की डोकं गप्प राही.

चार वर्षांनी अ‍ॅकॉर्डियनवाल्या बाई पायरीवरून पडल्या. मनगटाला प्लॅस्टर. मॅनेजरने त्याला कोपऱ्यात घेतलं.

“तुला अ‍ॅकॉर्डियन येतं म्हणे. बाईंचं आणि तुझं कुठे कुठे एकत्र येतं, तेवढं बघून ठेव.”

“सगळीकडे, साहेब.”

“सगळीकडे?”

“एकही मात्रा सुटी नाही.”

हे खोटं होतं. मॅनेजरला नोटेशन वाचता येत नव्हतं. तो चरफडत गेला आणि बाईंसाठी बदली शोधायला लागला. दुकान मात्र तिथून उठलं आणि सरळ मास्तरांच्या घरी गेलं.

दार मुलीने उघडलं. “अगंबाई! आज रस्ता चुकलात की काय? बाबा, बघा कोण आलंय.” ती आत भांडी घासायला गेली.

मास्तर खिडकीशी बसले होते. कवळी वाटीत होती. त्याला बघून त्यांनी घाईने ती तोंडात बसवली.

तो बसला नाही. उभ्यानेच बोलला. बदली माणूस, आठ मात्रा, काय लिहिलं, कसं लिहिलं. आणि तो एक शब्द.

मास्तरांनी आधी गाण्याचंच विचारलं.

“क्लॅरिनेटची ओळ कुणाला दिलीस?”

“अ‍ॅकॉर्डियनच्या डाव्या हाताला.”

“हं. मलाही सुचलं नसतं.” मग ते म्हणाले, “म्हणजे सूर गेला नव्हता.”

“नव्हता, मास्तर.”

“चार वर्षं मी पोरीला बोलतोय. तुझ्या डॉक्टरने माझा सूर घालवला म्हणून. जेवताना बोलतो. पाहुण्यांसमोर बोलतो. ती ऐकून घेते.” त्यांचा आवाज चढला नाही. “मला सांगितलंस. बरं केलंस. आता आत जा आणि तिला सांग.”

“मास्तर, तुम्ही...”

“मी नाही. तू.”

आत भांड्यांचा आवाज चालू होता. तो स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला. तिची पाठ होती.

“चहा घेणार ना?” तिने विचारलं.

“ताई,” तो म्हणाला, “जरा नळ बंद करता?”