बरं आणि बरा

आमच्या गल्लीत तिला सगळे चौकशीमावशी म्हणतात. तिला ते नाव मुळीच आवडत नाही, पण हाक मारली की ओ देते. शाळेत ती माझ्या हाताखालून गेली, म्हणून मला अजून ‘बाई’ म्हणते आणि रविवारी दुपारी माझ्या पायरीवर येऊन बसते.

बाळ जन्मलं की त्याच्या नाळेतलं रक्त काढून गोठवून ठेवणारी एक खाजगी पेढी आहे. तिथे ती सोळा वर्षं फोनवर काम करते. रक्त ठेवलेल्या प्रत्येक घरी वर्षातून एकदा, बाळाच्या वाढदिवसाच्या आठवड्यात, फोन करायचा. घरात कोणाला काय आजार झाला ते विचारून छापील तक्ता भरायचा. भावंडाला रक्ताचा आजार निघाला, तर तो तक्ता लाल टोपलीत टाकायचा. तिथून तो पेढीतल्या डॉक्टरीणबाईंकडे जातो आणि ठेवलेलं रक्त त्या भावंडाला जुळतं का ते बघितलं जातं. बाकीचे तक्ते कपाटात.

काम सोपं वाटतं, पण लोक सरळ उत्तर देत नाहीत.

“मधुमेह आहे का कोणाला?”

“छे हो. यांना नुसती साखर आहे.”

एक आजोबा म्हणाले होते, “तुम्ही यादी वाचत जा, मला जे नसेल तिथे मी थांबवतो.” एका घरात सासू-सुनेने एकाच वेळी फोन धरला होता. सासू म्हणाली, “दमा लिहा, पण आमच्या बाजूचा नाही असं लिहा.” त्यावर सून म्हणाली, “मग मुलाने तो काय बाजारातून आणला?” मावशीने नुसतं ‘दमा’ लिहिलं.

काहीजण आजार लपवतात. आजार सांगितला तर आपल्या बाळाचं रक्त खराब ठरवून पेढी टाकून देईल, असं त्यांना वाटतं. असं काही नसतं, पण भीती कोणाला विचारून येत नाही. म्हणून मावशी बोलण्याइतकंच मधल्या थांबण्याकडेही लक्ष देते. आपल्या कानाचा तिला अभिमान होता.

एका घरातल्या धाकट्या मुलीचं रक्त पेढीत होतं. तिचा थोरला भाऊ सात वर्षांचा होता. एका वर्षी आई म्हणाली, “थोरला जरा फिका दिसतोय. तपासण्या चालल्यात.” मावशीने तसं लिहून ठेवलं. पुढच्या वर्षी तिने आठवणीने विचारलं, “थोरल्याचं कसं आहे आता?”

पलीकडे थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग आई म्हणाली, “बरं आहे.” आणि फोन ठेवला.

त्या दिवशी तिचे अकरा फोन राहिले होते. तिने ‘बरा आहे’ असं लिहिलं आणि तक्ता कपाटात ठेवला.

चार महिन्यांनी ती ओट्याशी शेंगा सोलत होती. सासूबाई आपल्या बहिणीशी फोनवर बोलत होत्या. अर्धा तास गुडघ्याच्या नावाने रडून झालं आणि शेवटी म्हणाल्या, “बरं आहे गं. ठेवते.”

मावशीने हसत विचारलं, “आई, गुडघा एवढ्यात बरा झाला?”

“कुठला बरा? फोन ठेवताना म्हणतात तसं म्हटलं. तुला एवढंही कळत नाही?”

हातातली शेंग तशीच राहिली. त्या आईने ‘बरा’ म्हटलं नव्हतं. ‘बरं’ म्हटलं होतं. सांगता येईना म्हणून तिने निरोप घेतला होता.

दुसऱ्या दिवशी पेढी उघडायच्या आधीच मावशी दाराशी होती. तक्ता काढला, डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवला आणि चूक सांगितली. त्यांनी एकच विचारलं, “किती महिने झाले?” मग फोन तिच्याकडे सरकवला. “इथूनच लावा.”

आईने आवाज ओळखला. “ताई? आमची तारीख अजून लांब आहे ना?”

“मागच्या वेळी माझ्याकडून चुकीचं लिहिलं गेलं. थोरला बरा नाहीये ना?”

“त्याच्या अंगात रक्तच तयार होत नाही, ताई. दर पंधरवड्याला बाहेरून चढवतो. हे म्हणाले, पेढीला कळवू नकोस, आहे तेही रक्त फेकून देतील.”

“फेकत नाही हो. त्याच्यासारख्यांसाठीच तर ठेवतो.”

मग आई रडली. मावशीने तिला रडू दिलं आणि रुग्णालयाचा पत्ता लिहून घेतला.

रक्त जुळलं. महिन्याभरात ती लहानशी पिशवी धूर निघणाऱ्या गार पिंपातून रुग्णालयाकडे गेली. गाडी वळेपर्यंत मावशी जिन्यात उभी होती.

पण पिशवी गेली की पेढीच्या लेखी ते घर संपतं. फाईल बंद होते आणि बंद फाईलला फोन करायचा नाही, असा नियम आहे. डॉक्टरीणबाईंना तिने दोनदा विचारलं. रुग्णालयाने काही कळवलेलं नाही, एवढंच उत्तर मिळालं.

त्याला आता तीन वर्षं झाली. धाकटीच्या वाढदिवसाचा आठवडा येतो, यादीत तिचं नाव नसतं. नंबर मावशीला पाठ आहे.

“माझ्या फोनवरून लाव की,” मी एकदा म्हटलं. “पेढीचा संबंधच नको.”

“नियमाचं सोडा हो, बाई. त्यांनी फोन उचलला आणि त्याच्याबद्दल ‘होता’ म्हणाल्या तर? चार महिने माझ्यामुळे गेलेत.” ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. “न लावता निदान तो कुठेतरी शाळेत जातोय.”

मी पुढे केलेला फोन मागे घेतला.

परवाच्या रविवारी शाळेतल्या मुलांचा विषय निघाला होता. तिने मधेच विचारलं, “अकरा वर्षांचा मुलगा किती उंच असतो, बाई? तुम्ही तर शेकडो पाहिलेत.”

मी तिला उभं केलं आणि तिच्या खांद्याशी हात धरला.

हाताखालच्या रिकाम्या जागेकडे ती बघत राहिली. मग म्हणाली, “मोठ्या आजारातून उठलाय. थोडा कमी धरा.”

मी हात चार बोटं खाली घेतला.