फोटोतला हात

आमच्या जाऊबाई लाकडी फण्या करतात. जाऊबाई म्हणजे माझ्या थोरल्या दिरांची बायको. हे काम त्यांना आमच्या सासऱ्यांनी शिकवलं, तेही नाइलाजानं. दोन्ही मुलगे नोकरीला लागले आणि करवतीला हात लावायला घरात दुसरं कुणी उरलं नाही. बाजारात प्लास्टिकचे कंगवे आले, मामंजींचं दुकान बसलं, पुढे मामंजीही गेले. जाऊबाई मात्र मागच्या खोलीत, खिडकीखालच्या चिमट्यात फळी आवळून दात कापत राहिल्या. अंगावर कायम पिवळा भुसा. आमचे हे म्हणायचे, "वहिनी, चहात पडला तरी चालेल, पण आमटीत नको."

जाऊबाई कशा आहेत ते एका गोष्टीवरून सांगते. थोरले दीर अचानक गेले, त्या संध्याकाळी सगळी माणसं पांगल्यावर त्यांनी भांडी घासली, ओटा पुसला आणि मला विचारलं, "तू जेवलीस का गं?" रडल्या नाहीत. त्या दिवशीही नाहीत, नंतरही नाहीत. मला वाटलं, कधीतरी बांध फुटेल. फुटला नाही.

परदेशात फण्या विकायची कल्पना माझी. मी एका दवाखान्यात रुग्णांना वेळा देण्याचं काम करते, त्यामुळे संगणकाशी माझं बरं जमतं. हातानं केलेल्या वस्तू विकायची एक परदेशी साइट होती. कुणीही घरबसल्या तिथं आपलं दुकान उघडावं, फोटो लावावेत, आणि जगाच्या कुठल्याही टोकाच्या माणसानं ते बघून वस्तू मागवावी. मी जाऊबाईंचा फोटो काढला. म्हणजे हाताचाच. हातात अर्धी कापलेली फणी, अंगठ्याच्या मुळाशी करवतीचा जुना व्रण.

"अगं, निदान नखं तरी साफ करू दे," त्या म्हणाल्या.

"राहू द्या, खरं दिसतंय."

खाली मी चार ओळी लिहिल्या. सासऱ्यांनी सुनेला कसं शिकवलं, फणीचे दात केसांना ओढ न बसता कसे जातात, असं काहीबाही. पहिली मागणी आली तेव्हा आम्ही दोघी मोबाइलच्या नकाशावर ते गाव शोधत बसलो. बर्फाळ भागातलं होतं. जाऊबाई बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे तिथंही बायकांचे केस गुंततात." त्यानंतर कुरिअरवाला आमच्या दाराची पायरी झिजवू लागला. पार्सलवर पत्ता मी लिहायचे आणि फणी कागदात गुंडाळायच्या त्या. गुंडाळण्याआधी प्रत्येक फणी स्वतःच्या केसांतून एकदा फिरवायच्या. मी म्हटलं, "अहो, लोकांची आहे ती." तर म्हणाल्या, "टोचते का ते मग कसं कळणार?"

एके सकाळी साइट उघडली तर दुकान नाही. दुकानाच्या जागी एक ओळ होती: आपण दुसऱ्या विक्रेत्याचे फोटो वापरल्याची तक्रार आली आहे, म्हणून आपलं खातं बंद करण्यात येत आहे.

शोधलं तेव्हा तो दुसरा विक्रेता सापडला. मोठं दुकान, झगमगीत नाव, कुठल्याशा तिसऱ्याच देशातलं. फोटो आमचे. तोच हात, तोच व्रण. खाली माझ्याच ओळी, फक्त सासऱ्यांच्या जागी 'आमचे आजोबा' केलेलं. त्यांनी आधी आमचं उचललं आणि मग आम्हीच चोर म्हणून कळवून मोकळे झाले.

मी जाऊबाईंना दाखवलं. त्यांनी मोबाइल जवळ धरला, मग स्वतःचा हात शेजारी धरला.

"हा माझाच आहे ना?"

"तुमचाच."

"मग कळव की त्यांना."

कळवलं. ताबडतोब उत्तर आलं, अगदी अदबीनं लिहिलेलं, खाली एका मुलीचं नाव. पुन्हा कळवलं. तीच अदब, खाली भलत्याच कुणाचं नाव. शेवटी आम्ही व्हिडिओ केला. जाऊबाई फळी कापताहेत, मग हात पुढे करून व्रण दाखवताहेत. पोलिसांपुढे उभं केल्यासारख्या त्या कॅमेऱ्याकडे बघत होत्या. उत्तर आलं, 'आपली गैरसोय आम्ही समजू शकतो. निर्णय अंतिम आहे.'

"हे लिहिणारं माणूस आहे का गं?" जाऊबाईंनी विचारलं.

"कुणास ठाऊक."

"बरं," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

माझा तर तिळपापड होत होता. दवाखान्यात रुग्णांवर खेकसायला लागले, घरी यांच्यावर. जाऊबाईंचं मात्र रोजचं चालूच. सकाळी उठून फण्या करायच्या, बादलीत टाकायच्या. बादली भरली तेव्हा थांबल्या. मग नुसत्याच खिडकीखाली बसायच्या, हात मांडीवर. मी विचारायचे, "काय करताय?" तर म्हणायच्या, "बसलेय." जेवायच्या, झोपायच्या, कपडे वाळत घालायच्या. कधीकधी मला वाटायचं, त्यांना जोरात हलवावं.

काही महिन्यांनी एक दलाल आला. परदेशी कंपन्यांना माल पुरवणारा, बोलायला गोड माणूस. फण्या करणारं कुणी उरलंय का, असं विचारत विचारत तो आमच्यापर्यंत पोचला होता. खुर्चीवर टेकला आणि मोबाइल पुढे केला.

"ताई, अगदी अशीच हवी. कंपनीनं यंत्रावर करून बघितली, पण गिऱ्हाइकं परत पाठवतात. केस तुटतात म्हणे."

फोटोत जाऊबाईंचा हात होता.

"ही मीच केलीय," जाऊबाई म्हणाल्या.

दलालानं फोटोकडे पाहिलं, त्यांच्या हाताकडे पाहिलं आणि हसला. त्याच्या हसण्यात खोट नव्हती. त्याला वरच्यानं फोटो पाठवला होता, वरच्याला त्याच्या वरच्यानं. "मग तर कामच सोपं झालं!" तो म्हणाला.

मी उठले. "तुम्ही चालते व्हा. ज्यांनी आमचं दुकान बुडवलं त्यांच्याचसाठी आम्ही—"

"दात किती जवळ हवेत?" जाऊबाईंनी त्याला विचारलं.

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. दलालानं माप सांगितलं, त्यांनी मान हलवली, आणि काम ठरलं.

आता काम बारमाही आहे. गल्लीतल्या दोघी हाताखाली आल्या आहेत. फण्या त्या कंपनीच्या खोक्यात जातात आणि खोक्यावर आजोबांची गोष्ट छापलेली असते. जाऊबाईंनी ती एकदा माझ्याकडून वाचून घेतली. ऐकून म्हणाल्या, "मामंजी कधी वेशीबाहेर गेले नाहीत. बघ, कुठल्या कुठं पोचले." मला हसू आलं, मग लगेच रडू. त्यांना दोन्हीही आलं नाही.

गेल्या महिन्यात कंपनीला नवे फोटो हवे होते. दलालाबरोबर कॅमेरावाला आला आणि एक तरुण मुलगी. मुलीचे हात गोरे, नितळ, नखं सुबक. तिनं जाऊबाईंच्या जागेवर बसायचं आणि करवत धरायची, असा बेत. मुलगी भली होती, पण करवत कशी धरतात ते तिला ठाऊक नव्हतं. अंगठा थेट पात्यापुढे. जाऊबाई पुढे झाल्या आणि तिची बोटं एकेक करून नीट बसवली.

"असं धर. कापेल नाहीतर."

"थँक्यू हं, काकू," मुलगी म्हणाली. कॅमेरावाल्यानं जाऊबाईंना जरा बाजूला व्हायला सांगितलं, सावली पडत होती. त्या बाजूला झाल्या.

सगळे गेल्यावर मी चहा ठेवला. जाऊबाई भुसा झाडत होत्या. मला राहवलं नाही.

"जाऊबाई, वाईट नाही वाटलं?"

त्यांनी झाडू थांबवला. 

"वाटायला हवं होतं का गं?" त्यांनी मला विचारलं. टोमणा नव्हता. त्यांना माझं उत्तर हवं होतं.

 चहा उतू गेला आणि मी तिकडे धावले.