दाजींचा ट्रक आणि कासवाचा हट्ट

माझ्या धाकट्या भावाला अख्खी गॅरेजगल्ली कासव म्हणते. तोंडावर म्हणते, आणि तोही ओ देतो. इंजिन त्याच्या हातात पडलं की गिऱ्हाईक आधी चहा पिऊन येतं, मग भांडतं, मग पुन्हा चहा प्यायला जातं. लग्नाचंही तेच. मुलगी पसंत आहे हे सांगायला त्याने इतका वेळ लावला, की शेवटी तिच्या वडिलांनीच वैतागून विचारलं, "अहो, हो का नाही, काहीतरी बोला!" पण मी त्याला जन्मापासून ओळखते. तो मंद नाही. त्याला कुणी घाई केली की त्याचा हात थांबतो, एवढंच.

आणि माझा नवरा म्हणजे घोड्यावर बसूनच जन्माला आलेला. दोघांचं विळ्याभोपळ्याएवढं सख्य, आणि मधे मी.

त्या दिवशी नवऱ्याचा ट्रक भावाच्या गॅरेजात उभा होता. ट्रक सासऱ्यांच्या वेळचा, पेट्रोलवर चालणारा. तसले आता रस्त्यावर दिसतही नाहीत. मागे फरश्या गच्च भरलेल्या, आणि दुपारी घाट उतरून माल खाली पोचवायचा होता. सकाळी गाडी देताना नवरा एवढंच म्हणाला होता, "इंजिन जरा फुसफुसतंय, बघून घे." मी दोघांचा डबा घेऊन गेले, तेव्हा भाऊ कमरेपर्यंत बॉनेटमध्ये होता. रबरी नळीचं एक टोक कानाला, दुसरं टोक इंजिनाभोवती फिरतंय.

"काय डॉक्टर, पेशंट जगेल ना?" नवऱ्याने टोमणा मारलाच.

"हवा खातोय पेशंट," भाऊ आतूनच म्हणाला.

मला त्यातलं काय कळणार! तेव्हा त्याने बोट लावून दाखवलं. इंजिनाच्या कुशीला लोखंडी नळ्यांचा एक पंजा बोल्टांनी आवळलेला असतो, त्याला इनटेक मॅनिफोल्ड म्हणतात. कार्ब्युरेटरमधून आलेली हवा आणि पेट्रोल तो सगळ्या सिलिंडरांना वाटून देतो. पंजा आणि इंजिन यांच्यामध्ये गॅस्केटची पट्टी. ती कुजली की सांध्यातून भलतीच हवा आत शिरते.

"शिरू दे की. हवाच आहे ना?" मी म्हटलं.

"ताई, ह्या गाडीच्या ब्रेकला जोर मिळतो तो ह्याच पंजातून. इंजिन हवा खेचतं ना, त्या ओढीतून. हवा शिरली की ओढ कमी. ओढ गेली की पेडल दगड होतं, त्यावर उभं राहिलं तरी पुरत नाही."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो टायरला लाथ मारून हवा तपासत होता. सकाळीच तपासली होती की ती!

भावाने कार्ब्युरेटर साफ करायचा स्प्रे सांध्यावर थोडा थोडा मारला. शेवटच्या सिलिंडरपाशी मारला, तो आत ओढला गेला आणि इंजिनाचा आवाज एकदम बदलला. "सापडलं," तो म्हणाला. मग त्याने पंजा उतरवला, भोकांत फडकी कोंबली, जुनं गॅस्केट नखाने सोलल्यासारखं खरवडून काढलं, मोजपट्टी लावून लोखंड सरळ आहे का पाहिलं. नवं गॅस्केट बसवून बोल्ट मधून बाहेर, मधून बाहेर, थोडे थोडे आवळत गेला. नवरा येरझारा घालत होता. माल मागवणाऱ्या कंत्राटदाराचा फोन सारखा वाजत होता.

शेवटी गाडी चालू केली. काय सांगू, इतकी गोड चालली की शेजारचा वेल्डरही बघायला आला. "झकास!" नवरा म्हणाला. "चला, निघतो मी."

भावाचा चेहरा मात्र उतरला. त्याने वाकून कार्ब्युरेटरवरचा, इंजिनाचा वेग कमीजास्त करायचा स्क्रू पाहिला. "दाजी, हा कुणी फिरवला?"

"मला काय माहीत!"

"हा पार सैल आहे. इतका सैल असताना इंजिन बंद पडायला हवं."

"अरे चालतंय ना? मग रडतोस कशाला?"

"चालतंय म्हणूनच. अजून कुठूनतरी हवा घेतंय. गरम होऊ दे, मग खालून बघतो."

जेवण होईपर्यंत नवरा कसाबसा थांबला. इंजिन चालूच होतं. शेवटचा घास घेतानाच फोन पुन्हा वाजला, कंत्राटदार काहीतरी लागट बोलला असावा, आणि नवरा ताडकन उठला. "बास झाली तुझी कासवगिरी! तू बघत बस, माझा धंदा बसेल." तो केबिनमध्ये चढला.

"अहो, ऐका जरा!" मी ओरडले. कोण ऐकतंय?

भाऊ पळाला. हो, पळाला. मी त्याला पळताना कधी पाहिलं नव्हतं. गॅरेजचं अंगण फाटकाकडे उतरतं आहे. त्याने फाटक ओढून लावलं आणि त्याला पाठ टेकून उभा राहिला. "माझ्या अंगावरून न्या," म्हणाला.

नवऱ्याला तर चेवच आला. भावाला फक्त घाबरवायचं होतं, फाटकापाशी जाऊन थांबायचं होतं. त्याने गाडी सोडली, ब्रेक मारला. गाडी दबून थांबली. पुन्हा सोडली, पुन्हा मारला, पुन्हा दबली. तिसऱ्यांदा मारला आणि गाडी दबलीच नाही.

काचेतून मला नवऱ्याचं तोंड दिसलं. तो पेडलवर अक्षरशः उभा राहिला होता. फरश्यांनी भरलेला तो डोंगर माझ्या भावाकडे घरंगळत होता, आणि भाऊ बाजूला झाला नाही. त्याला वाटलं दाजी मस्करी करतायत. "बाजूला हो! अरे मेल्या, बाजूला हो!" मी किंचाळले. नवऱ्याने दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला. चाकं कर्रकन घासत गेली, आणि बंपर भावाच्या छातीपासून हातभर अंतरावर थांबला.

इंजिन आपलं गोड चालत होतं. मग भाऊ दार उघडून वर चढला. नवऱ्याची बोटं हँडब्रेकवरून सुटत नव्हती, ती त्याने एकेक करून सोडवली.

"दाजी, ती माझी बहीण आहे हो," तो म्हणाला. "घाटात तुमचं काही झालं असतं, तर मी तिला काय तोंड दाखवलं असतं?"

त्याने चाकांना लाकडं लावली आणि तशा तापलेल्या इंजिनाखाली झोपून स्प्रे मारला. ब्रेकची नळी पंजाला जिथे जोडतात, तिथे खालच्या बाजूला केसाएवढी चीर होती. थंड असताना जवळजवळ मिटलेली, तापल्यावर तोंड उघडणारी. साठलेली ओढ पहिल्या दोन ब्रेकांतच संपली होती. पंजाच बदलावा लागणार होता.

नवरा पायदानावर बसला होता. जमिनीकडे बघत म्हणाला, "परवा घाटात असंच झालं. ब्रेक लागलाच नाही. मातीच्या ढिगात घातली म्हणून थांबली. इंजिन फार बोंबलत होतं, म्हणून स्क्रू मी फिरवला. तुला सांगितलं असतं तर तू गाडी उभी करून ठेवली असतीस."

परवा. मला आठवलं. परवा संध्याकाळी हा माणूस घरी आला, हातपाय धुऊन जेवायला बसला, आणि पहिल्याच घासाला भाजी खारट झाली म्हणून ताट सारून उठला. मी काय काय बोलले त्याला! मग तो झोपल्यावर मी पातेल्यातली भाजी चाखून पाहिली होती. मीठ अगदी बरोबर होतं.