टाकीवरचा तळहात

मोटरसायकल माझी, पण तिला कार्बोरेटर कोणता बसवायचा हे बाबांनी विचारलं मंजूला, माझ्या धाकट्या बहिणीला. एवढ्याशा इंजिनाला मोठा झेपणार नाही, असं दोघांचं ठरलं आणि मग मला कळवण्यात आलं.

आज अंगणात त्याची जुळवाजुळव चालली होती. बाबांना आता ऐकू येत नाही. सुरू गाडीच्या टाकीवर तळहात ठेवून ते बसतात, मंजू स्क्रू फिरवते आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघते. मी पायरीवर, पाहुण्यासारखा.

आईबापांना सगळी मुलं सारखी, असं म्हणतात. म्हणोत बापडे. आमच्या घरात स्क्रूड्रायव्हर कुणाच्या हातात दिला जातो, ते मी लहानपणापासून बघत आलोय.

इंजिन सारखं अडखळत होतं. शेवटी मला राहवेना.

"मंजू, उलटा फिरव. अगदी जरासा."

तिने फिरवला. इंजिन एका संथ लयीत चालू लागलं. बाबांच्या तळहाताला ते लगेच कळलं.

"शाब्बास, मंजे!"

मंजूने हसून माझ्याकडे बोट दाखवलं. बाबांनी वळून पाहिलं.

"बघतोस काय नुसता? शीक जरा तिच्याकडून."